सोबत धावणाऱ्या मैत्रिणीवर डोपिंगची शंका आली तर काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी दहा हजार मीटरची धावपटू आहे. पाच वर्षं एकाच गटात, एकाच कोचच्या हाताखाली सराव करते. तिच्याच खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीची वेळ दीड वर्षात ३३:४० वरून ३२:३० वर आली. दुसऱ्या गटांतल्या मुली आडून आडून बोलायला लागल्या आहेत. एकदा पहाटे चाचणीचे अधिकारी आले तेव्हा मैत्रिणीने पांघरुणातूनच 'मी नाही म्हणून सांग' असं खुणावलं आणि हिने दारात तसं सांगितलं. सरांकडे विषय काढला तर 'घरातली गोष्ट घरात राहते' एवढंच उत्तर मिळालं. बोलले तर गद्दार ठरेन का, गप्प बसले तर काय ठरेन, आणि तिला कळलं तर काय, असे तिचे तीन प्रश्न आहेत.

मी पंचवीस वर्षं लांब पल्ल्याच्या धावपटूंना शिकवतो आहे. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. वेळ कशी उतरली आणि लोक काय बोलतात यावर तुम्ही पानभर लिहिलं आहे, आणि दाराची गोष्ट मधेच दोन ओळींत उरकली आहे. माझ्या लेखी वजन नेमकं उलटं आहे. पहिल्या दोन गोष्टी तुम्ही अंदाजाने जोडलेल्या आहेत. तिसरी तुम्ही डोळ्यांनी पाहिली आहे, आणि तुम्ही स्वतः तिच्यात आहात. अंदाज मनात ठेवणं ही मैत्री आहे. पाहिलेलं लपवणं ही मैत्री नाही. माझं सगळं उत्तर या फरकावर उभं आहे.

आधी वेळेचं बोलू.

दहा हजारात दीड वर्षात सत्तर सेकंद कमी होणं मोठं आहे, पण चमत्कार नाही. माझ्याकडे एक मुलगी होती. दोन हंगाम ती एकाच वेळेवर अडकली होती. रक्त तपासलं तर फेरिटिन ८, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा जवळपास संपलेला. डॉक्टरांच्या देखरेखीखाली लोह सुरू केलं, जेवण वाढवलं. पुढच्या हंगामात तिने दहा हजारात सव्वा मिनिट कमी केलं. गटातल्या मुलींनी तिला तोंडावर काही विचारलं नाही, आणि तोच सगळ्यात मोठा छळ होता. आरोप झाला असता तर तिने उत्तर दिलं असतं. झालं असं की इंटरव्हलला, म्हणजे मधे थांबत वेगाने धावायच्या सरावाला, तिच्या मागे कोणी लागेना, तिने वेग धरला की बाकीच्या सुटून जायच्या, जेवायला ती बसली की हळूहळू टेबल रिकामं व्हायचं. मला कारण माहीत होतं. वैद्यकीय माहिती म्हणून मी ती बाहेर काढली नाही. पण तिची परवानगी घेऊन चार वाक्यांत सगळ्यांना सांगता आलं असतं, तेवढं मला सुचलं नाही. वर्षभरात तिने गट सोडला आणि नंतर धावणंही. ही चूक माझी आहे, आणि आजही कोणाची वेळ अचानक उतरली की मला आधी तीच आठवते.

लोह हे एकच कारण नव्हे. पहिल्यांदाच नीट आखलेलं उंचीवरचं शिबिर, दुखापतीशिवाय गेलेलं सलग एक वर्ष, कमी खाऊन वजन टिकवायची सवय सुटणं, झोप सुधारणं, या प्रत्येकातून वेळ येते. बाईच्या शरीराला वर्षानुवर्षं अर्धपोटी धावायला लावलं असेल आणि मग ते पोटभर खाऊ लागलं, तर जो फरक पडतो तो पाहणाऱ्याला संशयास्पद वाटावा इतका मोठा असतो. शिवाय बूट आहेत. जाड, हलका फोम आणि कार्बनची पट्टी असलेले बूट २०१७ च्या सुमारास बाजारात आले. त्यांनी त्याच वेगाला सरासरी ४ टक्के ऊर्जा वाचते असं प्रयोगशाळेतल्या मोजणीत दिसलं. ट्रॅकवरच्या स्पाइक्समध्येही तोच फोम आला. दहा वर्षांपूर्वीच्या वेळांशी आजच्या वेळा ताडून कोणावर बोट ठेवणं म्हणूनच धोक्याचं झालं आहे.

रक्ताचा अहवाल हातात आला तरी शंका मिटतेच असं नाही. धावपटूच्या जैविक पासपोर्टमध्ये, म्हणजे तिच्या रक्ताच्या आकड्यांच्या सलग नोंदीत, जी २००९ पासून लागू झाली, एक आकडा पाहतात. लिटरमागे हिमोग्लोबिन किती ग्रॅम, त्यातून कोवळ्या लाल पेशींच्या टक्केवारीच्या वर्गमुळाची साठपट वजा करायची. समजा एखादीचं हिमोग्लोबिन १४० आहे आणि कोवळ्या पेशी १ टक्का. आकडा आला ८०. तिने ईपीओ, म्हणजे लाल पेशी वाढवणारं बंदी असलेलं औषध, घेऊन थांबवलं असेल तर हिमोग्लोबिन चढलेलं राहतं, पण शरीर नव्या पेशी बनवणं मंद करतं. १५५ आणि ०.२५ टक्के धरले तर आकडा १२५ होतो. इथे तज्ज्ञ थबकतात. पण तीच मुलगी उंचीवरच्या शिबिरातून परतली असेल, हिमोग्लोबिन १४८ आणि कोवळ्या पेशी ०.६४ टक्के असतील, तर काहीही न घेता आकडा १०० येतो. कडक उन्हात शर्यत पळून लगेच रक्त दिलं तर घामाने रक्तातलं पाणी कमी झालेलं असतं आणि हिमोग्लोबिन उगाच चढलेलं दिसतं. म्हणून व्यायामानंतर ठरावीक वेळ थांबूनच पासपोर्टसाठी रक्त घ्यायचा नियम आहे.

ब्रिटनची लांब पल्ल्याची धावपटू पॉला रॅडक्लिफची गोष्ट मी माझ्या प्रत्येक नव्या गटाला सांगतो. २००१ मध्ये एडमंटनच्या जागतिक स्पर्धेत रशियाची ओल्गा येगोरोव्हा पाच हजार मीटर पळणार होती. काही आठवड्यांपूर्वी पॅरिसमध्ये तिच्या लघवीच्या नमुन्यात ईपीओ सापडलं होतं, पण त्या वेळी सोबत रक्तचाचणीही लागायची, ती झाली नव्हती, म्हणून तिला पळायची मुभा मिळाली. रॅडक्लिफ प्रेक्षागृहात 'ईपीओ घेणारे बाहेर' अशा अर्थाचा फलक धरून बसली. येगोरोव्हाने सोनं जिंकलं. चौदा वर्षांनी, २०१५ मध्ये, मैदानी खेळांच्या जागतिक संघटनेच्या साठ्यातल्या सुमारे ५,००० खेळाडूंच्या १२,००० रक्तचाचण्या फुटल्या, आणि आता संशय रॅडक्लिफवरच आला. तिचे काही जुने आकडे चढे दिसत होते. एक नमुना तर उन्हातल्या अर्धमॅरेथॉननंतर लगेच घेतलेला होता. संघटनेने नोव्हेंबर २०१५ मध्ये स्पष्ट सांगितलं की अपुऱ्या माहितीवरून चुकीचा अर्थ काढला गेला आहे. फलक धरणारी आणि जिच्याकडे बोट दाखवलं गेलं ती, दोन्ही एकच बाई. मला तिच्यात विसंगती दिसत नाही. २००१ मध्ये तिच्यासमोर प्रयोगशाळेचा निकाल होता. २०१५ मध्ये तिच्यावर बोलणाऱ्यांसमोर संदर्भ तुटलेले आकडे होते.

पासपोर्टच्या पद्धतीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट इथेच सांगतो. आकडे वाचणाऱ्या तज्ज्ञांना नाव दिसत नाही. देश दिसत नाही, कोच दिसत नाही, ती कोणाशी हसते-बोलते हे तर नाहीच. पुढची कारवाई सुरू व्हायची असेल तर तीन तज्ज्ञांचं एकमत लागतं. कुजबुज करणाऱ्यांकडे नेमकं उलटं असतं. त्यांच्याकडे नाव असतं आणि आकडे नसतात.

तरीही तुमच्या गटाबाहेरच्या मुलींना मी दुष्ट म्हणणार नाही. २०११ मध्ये दक्षिण कोरियातल्या देगूच्या जागतिक स्पर्धेत खेळाडूंना कोणाचं उत्तर कोणतं हे कळूच नये अशा पद्धतीने प्रश्न विचारले गेले होते. त्यातून काढलेला अंदाज असा होता की सुमारे ४३ टक्के खेळाडूंनी गेल्या वर्षभरात बंदी असलेलं काहीतरी वापरलं आहे. जगभरातल्या चाचण्यांत मात्र दरवर्षी फार तर एक-दोन टक्के नमुन्यांत काही सापडतं. प्रामाणिक पळणाऱ्या मुलीला या दोन आकड्यांमधल्या दरीत राहायचं असतं. तिने शंका घेऊच नये असं सांगणं क्रूरपणाचं आहे.

शंकेचं पुढे काय होतं याचं ताजं उदाहरण केनियाच्या रूथ चेपनगेटिचचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये शिकागोला तिने २:०९:५६ ची मॅरेथॉन पळली. बाईने २ तास १० मिनिटांच्या आत येण्याची ती पहिलीच वेळ, आणि आधीचा विक्रम जवळपास दोन मिनिटांनी मागे पडला. शर्यतीनंतर पत्रकार परिषदेत तिला डोपिंगबद्दल थेट विचारलं गेलं आणि अनेकांना तो अपमान वाटला. मार्च २०२५ मधल्या तिच्या नमुन्यात हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारं, बंदी असलेलं औषध सापडलं. नोंद करायची मर्यादा मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम, आणि तिच्यात ३,८०० च्या आसपास. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिच्यावर तीन वर्षांची बंदी आली. आता शंका घेणारे म्हणतात, आम्ही सांगत होतो. पण तिचे निकाल रद्द झाले ते त्या मार्चच्या नमुन्यापासून पुढचे, शिकागोची वेळ विक्रमांच्या पुस्तकात आहे. त्या दिवशी पत्रकाराने विचारलं ते मला योग्य वाटतं, कारण त्याने तोंडावर आणि उघड विचारलं. तिच्या पाठीमागे बोलणाऱ्यांना मी त्याच्या रांगेत बसवणार नाही.

आता दार.

वरच्या पातळीवरच्या धावपटूला रोज पहाटे ५ ते रात्री ११ या वेळात एक तास आधी कळवून ठेवावा लागतो. त्या तासात, सांगितलेल्या जागी ती सापडली नाही तर एक चुकलेली चाचणी नोंदवली जाते. माहिती चुकीची भरली तर तीही मोजली जाते. बारा महिन्यांत अशा तीन नोंदी झाल्या की तो नियमभंग. विसरणं, रेल्वे चुकणं, फोन बंद पडणं, हे सगळ्यांचं होतं. एक-दोन नोंदी असलेले कित्येक प्रामाणिक धावपटू मी पाहिलेत. पण तुमच्या दारात जे घडलं ते यात बसत नाही. घरात असून चाचणीवाल्यांना टाळणं हा वेगळा नियमभंग आहे, एकदाच पुरतो, आणि मुद्दाम केला असेल तर शिक्षा चार वर्षांपर्यंत जाते. तिने नेमून दिलेला तास तो होता की नव्हता याने इथे फरक पडत नाही.

आणि जी दारात उभी राहून 'ती नाही' म्हणाली तिच्यासाठीही कलम आहे. मदत करणं, झाकणं, साथ देणं याला उत्तेजकविरोधी जागतिक संहितेत सहभाग म्हणतात. त्याची शिक्षा दोन वर्षांपासून आजन्म बंदीपर्यंत आहे. मी हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. पत्रात तुम्ही हे वाक्य ज्या सहजतेने लिहिलंय त्यावरून वाटलं की तुम्हाला हे कोणी सांगितलेलंच नाही. मैत्रिणीला हे माहीत होतं का, मला कळायला मार्ग नाही. पण झोपेतून उठवलेल्या मुलीच्या तोंडून तिने आपलं खोटं वदवून घेतलं. मैत्रीचा हिशेब मांडायचाच तर तो इथून मांडा.

दाराआड लपून माणूस सुटत नाही हेही सांगतो. केनियाचा विल्सन किप्सांग, २०१३ मध्ये बर्लिनला २:०३:२३ ची जागतिक विक्रमाची मॅरेथॉन पळलेला. त्याच्या कोणत्याही नमुन्यात काही सापडलं नव्हतं. २०२० मध्ये त्याला चार वर्षांची बंदी झाली ती चुकलेल्या चाचण्यांसाठी आणि त्या का चुकल्या हे सांगताना खोटा पुरावा दिल्याबद्दल.

तिने काही घेतलंय असं यावरून सिद्ध होत नाही. भीतीने, आदल्या रात्रीच्या दुसऱ्याच कशाने, किंवा आधीच दोन नोंदी होत्या म्हणून घाबरून ती लपली असेल. यातलं कोणतंही उत्तर खरं असू शकतं. पण ते उत्तर ऐकायची जागा तुमची खोली नाही. तुम्ही न्यायाधीश व्हायला गेलात तर मैत्रीण म्हणून माफ कराल किंवा प्रतिस्पर्धी म्हणून फासावर चढवाल. तुमच्या जागी कोणीही असतं तरी हेच झालं असतं.

सरांच्या वाक्याकडे येतो, कारण ते मीही बोललो आहे.

लांब पल्ल्याच्या गटातली निष्ठा बाहेरच्यांना कळत नाही. आठवड्याला दीडशे किलोमीटर एकमेकींच्या अर्धं पाऊल मागे धावायचं. कोणाचा श्वास कधी फुटतो, कोणाची पाळी चुकली, कोणाच्या घरी पैसे पाठवायचेत, सगळं माहीत. वारा अंगावर घेऊन एकीने दुसरीला ओढायचं, पुढच्या आठवड्यात उलट. यात जे तयार होतं ते खरं असतं, आणि मी त्याची थट्टा कधी होऊ देणार नाही. त्यात भर म्हणजे पैसा एकत्र गुंतलेला असतो. एकीवर ठपका आला की प्रायोजक सगळ्या गटाकडे तिरकं पाहतो. म्हणून 'घरातली गोष्ट' हे वाक्य इतक्या सहज तोंडात येतं.

काही वर्षांपूर्वी माझ्या गटातला एक मुलगा फार वेगाने पुढे गेला. दोन सहकारी माझ्याकडे आले होते. त्यांनी अंदाज सांगितला नाही, पाहिलेलं सांगितलं. स्वच्छतागृहातल्या कचऱ्याच्या डब्यात सुई, आणि कोणीच ओळखत नसलेला एक डॉक्टर. मी म्हणालो, मी त्याला तो पंधरा वर्षांचा असल्यापासून ओळखतो. पुन्हा हे बोलू नका. सहा महिन्यांनी त्याच्या नमुन्यात बंदी असलेलं औषध सापडलं. तेव्हाही मी सगळ्यांसमोर त्याच्या बाजूने बोललो. मग त्याने कबूल केलं. त्याने मला फसवलं याचं दुःख कालांतराने गेलं. ज्या दोघांना मी गप्प केलं त्यांच्या नजरेला नजर द्यायला मात्र मला बराच काळ लागला. एक जण परत कधी माझ्याकडे काही घेऊन आला नाही, साधी टाच दुखत असली तरी नाही. त्या दिवशी मी ज्याला निष्ठा म्हणत होतो ती माझ्या नावाशी होती, माझ्या मुलांशी नव्हती.

तुमच्या सरांचं काय आहे हे मी इथून ठरवणार नाही. कदाचित त्यांनाही फक्त गट सांभाळायचा असेल. पण गट सांभाळायच्या नावाखाली काय काय चालू शकतं ते अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये दिसलं. अल्बर्टो सालाझार हा जगातल्या सर्वांत नावाजलेल्या प्रशिक्षकांपैकी एक. त्याच्याबरोबर काम केलेला स्टीव्ह मॅग्नेस आणि त्याच्याच गटात धावलेली कारा गाऊचर यांनी पाहिलेल्या गोष्टी आधी तपास यंत्रणेला सांगितल्या, २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितल्या. टेस्टोस्टेरॉन हे बंदी असलेलं संप्रेरक बाळगून त्याचे प्रयोग करणं, मर्यादेपेक्षा जास्त सलाइन देण्यात हात असणं आणि चौकशीत अडथळा आणणं यासाठी सालाझारला २०१९ मध्ये चार वर्षांची बंदी झाली, क्रीडा लवादाने २०२१ मध्ये ती कायम ठेवली. त्याच्या एकाही धावपटूवर त्यात आरोप ठेवला गेला नाही. म्हणजे कोचवर बोलणं हे धावपटूंना बुडवणं नव्हे. तरी त्या दोघांना गद्दार म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते.

याच कारा गाऊचरची आणखी एक गोष्ट. २००७ मध्ये ओसाकाच्या जागतिक स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये ती तिसरी आली आणि ब्रिटनची जो पेव्ही चौथी. दुसरी आलेली एल्व्हान अबेलेगेसे नंतरच्या फेरतपासणीत स्टेरॉइडसाठी दोषी ठरली, निकाल बदलला. पेव्हीला कांस्य २०१७ मध्ये मिळालं, तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. गद्दार कोण ठरतं हे विचारताना आपण खोलीतल्या दोघींचाच विचार करतो. जी चौथी आली आणि घरी गेली ती त्या खोलीत नसते. तुम्ही स्वतः उद्या चौथ्या येऊ शकता हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण तुमच्या मनात आलं असणार.

तर करायचं काय.

आज रात्री दाराची तारीख, वेळ, कोण आलं होतं, ती काय म्हणाली, तुम्ही नेमके कोणते शब्द बोललात, हे कागदावर लिहून काढा. वेळा, वजन, स्नायू, स्वभाव यातलं एक अक्षर त्यात नको. तिची बॅग, कपाट, फोन उघडू नका. तो तुमचा अधिकार नाही, आणि तशी मिळालेली वस्तू उलट तुमच्यावरच येऊ शकते. मग खेळाडूंची बाजू जाणणाऱ्या, तुमच्या गटाशी संबंध नसलेल्या वकिलाला भेटा, कारण तुमचाही नियमभंग झाला आहे. दुसरा पुरावा पुढे आलेला नसताना स्वतःहून कबूल केलं तर शिक्षा निम्म्यापर्यंत कमी करायची तरतूद आहे, आणि दुसऱ्याचा नियमभंग उघड करायला ठोस मदत केली तर त्याहूनही जास्त. वकील तुमची परिस्थिती तपासून सांगेल. पण वाट पाहण्यात तुमचा तोटाच आहे, तिचं दुसरीकडून उघड झालं तर ही सवलत हातची जाते.

कळवायचं कुठे? अ‍ॅथलेटिक्सपुरती २०१७ पासून अ‍ॅथलेटिक्स इंटिग्रिटी युनिट ही स्वतंत्र यंत्रणा आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेचं, म्हणजे वाडाचं, 'स्पीक अप' हेही तेव्हापासून आहे. तुमच्या देशाची उत्तेजकविरोधी संस्थाही ऐकते. सरांना पुन्हा विचारू नका, त्यांनी उत्तर दिलं आहे.

अशा माहितीवरून कोणाला लगेच शिक्षा होत नाही हे लोकांना माहीत नसतं. आधी चौकशी होते, चाचण्या नेमक्या वेळी आणि जास्त वेळा होतात, आणि नमुने दहा वर्षांपर्यंत जपून पुन्हा तपासता येतात. दाराचा जाब तिला द्यावा लागेल, पण तिने काही घेतलं नसेल तर त्या चाचण्यांसाठी तिला फक्त काही पहाटे लवकर उठावं लागेल. याउलट कुजबुजीची किंमत माझ्या त्या फेरिटिन ८ वाल्या मुलीने भरली. म्हणून मी म्हणतो की योग्य जागी, सही करून, एकदा सांगणं हे जेवणाच्या टेबलावर शंभरदा न बोलता सांगण्यापेक्षा मैत्रिणीशी जास्त दयेचं आहे.

किंमत तुम्हालाही पडेल, ते लपवत नाही. व्हिताली स्तेपानोव्ह रशियाच्या उत्तेजकविरोधी संस्थेत होता, त्याची बायको युलिया ८०० मीटरची धावपटू, स्वतः डोपिंगसाठी बंदी भोगलेली. व्हिताली २०१० पासून वाडाला कळवत होता, पण तेव्हा वाडाला स्वतः तपास करायचे अधिकारच नव्हते. डिसेंबर २०१४ मध्ये जर्मन दूरचित्रवाणीवर सगळं बाहेर आलं आणि त्या दोघांना लहान मुलासह देश सोडावा लागला. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये युलियाला पळू दिलं नाही. तुमच्यावर असं काही येईल असं मला वाटत नाही, नियमही बदलले आहेत. वाडाला तपासाचे अधिकार २०१५ पासून मिळाले, आणि २०२१ पासून कळवणाऱ्याला धमकावणं किंवा त्याचा सूड घेणं हाच स्वतंत्र नियमभंग आहे. पण गटात काही दिवस तुमच्या मागेही कोणी धावणार नाही, तेवढी तयारी ठेवा. राहायची दुसरी सोय आधी पाहा.

तिच्याशी बोलायचं का? अनेक जण सांगतील, आधी तिला सावध व्हायची संधी द्या. मला ते पटत नाही. तिला जाब विचारला तर ती खरं बोलली किंवा खोटं बोलली, दोन्हीत तुम्ही आणखी अडकता, आणि काही असेलच तर ते नाहीसं करायला तिला वेळ मिळतो. बोला ते फक्त तुमच्या वाट्याचं: 'त्या दिवशी मी तुझ्यासाठी खोटं बोलले, पुन्हा बोलणार नाही.' त्यापुढे ती काही सांगू लागली तर ऐकून घेण्याआधी तिला स्पष्ट करा की हे मी पोटात ठेवीन असं समजू नकोस. एवढा इशारा मैत्रिणीला द्यायलाच हवा.

समजा ती दोषी ठरली. तिला सोडायचं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. बंदीच्या काळात ती गटाच्या सरावाला येऊ शकत नाही. बंदीच्या अगदी शेवटच्या टप्प्यात तेवढी मुभा मिळते. तुम्ही तिच्या घरी जाऊन जेवू शकता, तिच्या आईला फोन करू शकता. अमेरिकेची धावपटू शेल्बी हौलिहानला २०२१ मध्ये नॅन्ड्रोलोन या स्टेरॉइडसाठी चार वर्षांची बंदी झाली तेव्हा ते खाण्यातल्या मांसातून आलं हे कारण ती सांगत राहिली, आणि तिचे कोच तिच्या बाजूने बोलले. लवादाने ते कारण मान्य केलं नाही. मैत्रिणीवर विश्वास ठेवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फक्त त्या विश्वासापुढे नियमाने वाकावं अशी अपेक्षा करू नका. माझा तो मुलगा बंदी संपल्यावर परत आला. स्पर्धेत त्याला मी घेतलं नाही, पण सकाळच्या हलक्या धावेला तो अजून येतो, आणि त्याच्या शेजारून धावणारा मीच असतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, तिला कळलं तर. यंत्रणा तुमचं नाव शक्य तोवर गुप्त ठेवेल. पण त्या पहाटे दारात तुम्हीच होतात, ती ओळखेल. विचारेल तेव्हा नाही म्हणू नका. 'मी माझं खोटं मागे घेतलं' एवढंच सांगा, आणि ते खरंच आहे. ती रडेल, ओरडेल, कदाचित वर्षभर बोलणार नाही. आणि तोवर पुन्हा सहा वाजता बेल वाजली आणि ती आत असली, तर दार उघडून म्हणा, 'आहे, बोलावते.'